पॅट समिट : मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाई

या वेळी आपल्या भित्तिपत्रकाचा विषय 'खेळ आणि खेळाडू' असा आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांनी क्रिकेटवर लिहिले. मी गुरुजींना विचारले, खेळ शिकवणारी एखादी बाई आहे का? तेव्हा गुरुजींनी मला अमेरिकेतल्या पॅट समिट यांची हकिकत सांगितली. मी ती वहीत उतरून घेतली. जे कळले नाही ते पुन्हा विचारले.

आधी बास्केटबॉल म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्या गावात तो कोणी खेळत नाही. दहा फूट उंचीवर लोखंडी रिंग असते. तिला खाली उघडी जाळी असते. मोठा चेंडू हाताने जमिनीवर आपटत न्यायचा आणि त्या रिंगमधून टाकायचा. एका बाजूला पाच खेळाडू. हा खेळ 1891 साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ नावाच्या मास्तरांनी काढला. तेव्हा रिंग नव्हती, फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा! हे ऐकून आम्ही सगळे हसलो.

पॅटबाईंचा जन्म 14 जून 1952 रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात झाला. घरी शेती आणि गाई होत्या. पाच भावंडांत तिघे मोठे भाऊ, मग पॅट, मग एक धाकटी बहीण. पॅट भावांच्या बरोबरीने शेतात राबायची. वडील फार कडक होते, काम चुकवलेले त्यांना खपत नसे. पण याच वडिलांनी गोठ्यावर जो वैरणीचा माळा असतो ना, तिथे पोरांसाठी रिंग लावून दिली. दिवसभराचे काम उरकले की रात्री चौघे भावंडे तिथे खेळत. भाऊ ढकलून द्यायचे, पण मुलगी आहे म्हणून तिला कोणी सूट देत नव्हते.

पुढे ती मोठ्या शाळेत जायची झाली. त्या भागातल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. मग काय केले असेल? वडिलांनी बिऱ्हाड दुसऱ्या ठिकाणी हलवले, जिथल्या शाळेत मुलींचा संघ होता. एका मुलीला खेळता यावे म्हणून सगळे घर हलले! हे मी घरी सांगितले तर आजी म्हणाली, "काय बाई येडी माणसं!" बाबा काही बोलले नाहीत. माझी ताई शाळेत धावण्यात पहिली यायची. सातवीनंतर तिचे पळणे बंद झाले, कारण पुढची शाळा लांब आहे आणि खेळाच्या तासाला थांबले की एस.टी. चुकते.

पॅट कॉलेजात गेली, तिथेही खेळली. 1974 साली तिचा गुडघा जोरात दुखावला. डॉक्टर म्हणाले, आता खेळ विसरा. वडील म्हणाले, तुम्ही गुडघा नीट करा, हिला ऑलिंपिकला जायचे आहे. त्याच वर्षी तिला नॉक्सव्हिल या शहरातल्या टेनेसी विद्यापीठात मदतनीस म्हणून काम मिळाले. पण मुख्य प्रशिक्षक बाई निघून गेल्या आणि एकदम पॅटच मुख्य झाली. वय फक्त 22 वर्षे! संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान होत्या. पगार महिना 250 डॉलर. आधी मला तो पुष्कळ वाटला, पण गुरुजींनी सांगितले की तिकडे तो फार थोडा होता.

या नोकरीत खेळ शिकवणे एवढेच काम नव्हते. मुलींच्या खेळाला तेव्हा कोणी विचारत नव्हते. पॅटबाई संघाची गाडी स्वतः चालवायच्या. खेळाचे कपडे स्वतः धुवायच्या. ते कपडेसुद्धा गोड वडे, ज्यांना तिकडे डोनट म्हणतात, ते विकून आलेल्या पैशांत घेतलेले होते. एकदा परगावी सामना होता तर आदल्या रात्री सगळ्या जणी त्याच खेळाच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपल्या. पहिला सामना 7 डिसेंबर 1974 रोजी मर्सर विद्यापीठाशी झाला. त्यात त्या 84-83 असा, म्हणजे एका गुणाने हरल्या. मला फार वाईट वाटले.

बरे, त्यांचे स्वतःचे शिक्षण व खेळ चालूच होता. 1976 साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये प्रथमच बायकांचे बास्केटबॉल झाले. बरा झालेला गुडघा घेऊन पॅट तिथे खेळल्या व अमेरिकेला रौप्यपदक मिळाले. 1984 साली लॉस एंजेलिसला त्या अमेरिकेच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या, तेव्हा सुवर्णपदक आले.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट. टेनेसीच्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल मुलांसारखा नव्हता. एका बाजूला सहा मुली असत. मैदानाच्या मधोमध रेघ. तीन मुलींनी रेघेच्या अलीकडे राहून नुसते अडवायचे, तीन मुलींनी पलीकडे राहून चेंडू टाकायचा. रेघ ओलांडायची नाही. मुलींना सगळे मैदान पळणे झेपणार नाही असे मोठ्या माणसांना वाटायचे. अडवणाऱ्या मुलीला शाळा संपेपर्यंत एकदाही रिंगमध्ये चेंडू टाकायला मिळत नसे! म्हणजे ती खेळ अर्धाच शिकणार. मग कॉलेजच्या संघात तिला कोण घेणार? पॅटबाईंनी उघड सांगितले, हा नियम राहिला तर मी या राज्यातल्या मुली संघात घेणार नाही. लोक रागावले. पण 1979 साली तो नियम गेला आणि मुली सगळ्या मैदानावर पळू लागल्या. त्याआधी 1972 साली सरकारने कायदाही केला होता की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करू नये.

पॅटबाईंचा अभ्यासाचा नियम मात्र मला थोडा जड वाटला. वर्गात पुढच्या तीन रांगांतच बसायचे. तास बुडवला तर सामन्यात खेळायचे नाही. मग ती कितीही हुशार खेळाडू असो. पण त्यांच्याकडे ज्या मुली शेवटपर्यंत खेळल्या त्या सगळ्या पदवी घेऊनच बाहेर पडल्या. हे ऐकून गुरुजींनी मागच्या बाकावरच्यांकडे बघितले.

टेनेसीने 1987 ते 2008 पर्यंत 8 वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. 1997-98 साली 39 सामने झाले, सगळे जिंकले. 1996 साली अजिंक्यपद मिळाले तेव्हा वडिलांनी पॅटला पहिल्यांदा जवळ घेतले. तेव्हा त्या 43 वर्षांच्या होत्या. इतकी वर्षे त्यांनी वाट पाहिली असेल का, असे मी आईला विचारले. आई म्हणाली, बघितलीच असंल की.

2011 साली पॅटबाईंना विसर पडण्याचा आजार झाला. त्याला अल्झायमर म्हणतात. त्यांनी तो लपवला नाही, सगळ्यांना सांगितला व आणखी एक वर्ष संघ सांभाळला. 2012 मध्ये त्या निवृत्त झाल्या. 38 वर्षांत 1098 विजय. तोपर्यंत तिथल्या मोठ्या कॉलेजांत पुरुष असो की बाई, कोणत्याच बास्केटबॉल प्रशिक्षकाचे इतके नव्हते. पुढे 2020 साली टॅरा व्हॅनडरव्हीर या बाईंनी तो आकडा ओलांडला. 28 जून 2016 रोजी पॅटबाई वारल्या. ज्या मैदानावर त्यांनी शिकवले, त्याला 2005 सालीच त्यांचे नाव दिले होते.

आपल्या शाळेच्या मैदानावर रेघ मारलेली नाही. तरी मधल्या सुट्टीत मुलगे सगळीकडे क्रिकेट खेळतात आणि आम्ही मुली हापशाजवळ लंगडी घालतो. मी हे वर्गात उभे राहून सांगितले. मुलगे ओरडले. गुरुजी म्हणाले, दर गुरुवारी मधल्या सुट्टीत मैदान मुलींचे. दादाने जुन्या सायकलची रिंग चिंचेच्या फांदीला बांधून दिली आहे. दहा फूट मोजायला बाबांनी दोरी दिली. चेंडू रबरी आहे, पण चालतो. ज्यांना खेळायचे असेल त्यांनी आपले नाव माझ्याकडे द्यावे. पाच झाल्या आहेत, पाच हव्यात.