मुक्या प्राण्यांचा वार्षिक ताळेबंद

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेचे मूल्यमापन तिच्या वार्षिक अहवालावरून होत असते. शाळेचा पट आणि निकाल, दवाखान्यातील रुग्णसंख्या, पाणीपुरवठा योजनेचा जमाखर्च यांची ग्रामसभेत वा नगर परिषदेच्या बैठकीत चर्चा होते. गावचा कोंडवाडा, नगर परिषदेचे श्वान निवारा केंद्र किंवा अनुदानावर चालणारी गोशाळा यांच्या अहवालाकडे मात्र तितक्या बारकाईने पाहिले जात नाही. ‘वर्षात इतकी जनावरे पकडली, त्यावर इतका खर्च झाला’ अशा दोन ओळींत तो बहुधा आटोपतो. पकडलेल्या प्राण्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न तसाच राहतो. वस्तुतः निवाऱ्याच्या कामाची खरी कसोटी याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. हे उत्तर दप्तरातून कसे शोधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचा व्यापही लहान नाही. २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ५० लाख मोकाट गोवंशीय जनावरे आणि सुमारे १ कोटी ५३ लाख मोकाट कुत्री असल्याचे आढळून आले. उभ्या पिकाची नासाडी, महामार्गांवरील अपघात आणि रेबीजसारखा प्राणघातक रोग हे सर्व या आकड्यांशी निगडित आहे.

परंपरा आणि कायदा

प्राण्यांना सार्वजनिक आश्रय देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अन्य व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय स्थापन झाले. या संस्था दानधर्माच्या प्रेरणेतून निर्माण झाल्या. कोंडवाडा मात्र कायद्यातून आला. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने त्यास निश्चित स्वरूप दिले, आणि पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने कोंडवाड्यांची देखभाल ग्रामपंचायतींच्या कार्यकक्षेत आणली.

१८७१ च्या कायद्याची भाषा जुनी असली, तरी त्यातील हिशेबाची शिस्त आजही अभ्यासण्यासारखी आहे. जनावर कोंडवाड्यात येताच त्याचे वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव व राहण्याचे ठिकाण, आणि ठाऊक असल्यास मालकाचे नाव नोंदवहीत लिहावयाचे, आणि त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्यास द्यावयाची, असा दंडक होता. जनावरास चारा-पाणी देण्याची जबाबदारी कोंडवाड्याच्या रखवालदारावर होती. सात दिवसांत मालक न आल्यास वरिष्ठांस कळवावयाचे, नोटीस लावावयाची, जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटावयाची, आणि त्यानंतरही सात दिवसांत कोणी पुढे न आल्यास जाहीर लिलाव करावयाचा, असा क्रम होता. दंड व चाऱ्याचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकास हिशेबासह परत मिळे. लिलावात कोंडवाड्याच्या नोकरास वा संबंधित अधिकाऱ्यास स्वतः जनावर विकत घेण्यास मनाई होती. या सर्व तरतुदींमागील तत्त्व एकच आहे. दुसऱ्याचे जनावर ताब्यात घेणारी संस्था त्या जनावराबद्दल शेवटपर्यंत उत्तरदायी असते. एका बैलावर ज्याची संपूर्ण शेती अवलंबून आहे, अशा शेतकऱ्याच्या दृष्टीने ही कागदोपत्री बाब नव्हे. तो त्याच्या उपजीविकेचा प्रश्न आहे.

पुढील काळात परिस्थिती पालटली. नांगरटीची व वाहतुकीची कामे ट्रॅक्टर करू लागला. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमात गायींच्या कत्तलीस मनाई होती. २०१५ पासून वळू व बैल यांनाही ती लागू झाली. परिणामी, काम न करणाऱ्या आणि मालकाने सोडून दिलेल्या जनावरांना लिलावात गिऱ्हाईक मिळणे कठीण झाले. चार दिवसांचा कोंडवाडा काही ठिकाणी कायमचा आश्रय बनला. जबाबदारी वाढल्यामुळे हिशेबाची निकडही वाढली आहे.

ताळेबंद कसा मांडावा

निवाऱ्याच्या हिशेबाचा मूळ नियम सोपा आहे. वर्षारंभीची शिल्लक आणि वर्षातील आवक यांची बेरीज ही वर्षातील सर्व निर्गम आणि अखेरची शिल्लक यांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. समजून घेण्यासाठी एका कल्पित कोंडवाड्याचे उदाहरण घेऊ. १ एप्रिल रोजी तेथे १४ जनावरे होती. वर्षात १८६ आली. एकूण २०० झाली. त्यांपैकी ११८ मालकांनी सोडवून नेली, ३७ गोशाळेस दिली, ९ लिलावात विकली, २१ दगावली आणि ३१ मार्च रोजी १५ शिल्लक राहिली. बेरीज पुन्हा २०० येते. म्हणजे कागदावरील हिशेब जुळला.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे योग्य नाही. पहिली तपासणी प्रत्यक्ष मोजणीची. वहीत १५ जनावरे आहेत आणि आवारात ११ उभी आहेत, असे आढळल्यास चार जनावरांचे काय झाले, याचा खुलासा मागितला पाहिजे. दुसरी तपासणी पावत्यांची. मालकाने नेलेल्या प्रत्येक जनावरामागे दंडाची पावती व स्वाक्षरी, तर गोशाळेस दिलेल्या ३७ जनावरांबाबत गोशाळेची पोच असावयास हवी. त्या संस्थेच्या आवक वहीतही तीच संख्या त्याच तारखांना दिसली पाहिजे. एका संस्थेची जावक दुसऱ्या संस्थेची आवक झाली नाही, तर ती जनावरे दोन दप्तरांच्या मध्येच नाहीशी झाली, असा अर्थ होतो.

यानंतर प्रमाणाकडे वळावे. वर्षभरात कोंडवाड्यातून १८५ जनावरे बाहेर पडली वा दगावली. त्यांपैकी ११८ मालकांकडे परतली, म्हणजे दर शंभरी सुमारे ६४. हे प्रमाण घसरत असेल, तर गावात जनावरे सोडून देण्याची प्रवृत्ती बळावत आहे, किंवा मालकांपर्यंत सूचना पोचत नाही, असे समजावे. मृत्यूचे प्रमाण शंभरी सुमारे ११ आहे. ते अधिक की कमी, हे ठरविण्यापूर्वी मृत्यूंची छाननी करणे अवश्य असते.

मृत्यूंची छाननी

मृत्यूची नोंद केवळ संख्येत नसावी. जनावर कोणत्या तारखेस आले, कोणत्या अवस्थेत आले, कितव्या दिवशी दगावले व पशुवैद्यकाने कोणते कारण नोंदविले, या चार बाबी प्रत्येक मृत्यूसमोर असाव्यात. पहिल्या दोन-तीन दिवसांतील मृत्यू बहुधा अपघातातील जखमा, प्लॅस्टिक खाल्ल्याने झालेला पोटाचा विकार किंवा आधीचा आजार यांमुळे होतात. अशा मृत्यूंवर उपाय म्हणजे तातडीची तपासणी. दहाव्या-पंधराव्या दिवसानंतरचे मृत्यू वाढत असतील, तर कारण निवाऱ्यातच शोधावे लागते. चारा अपुरा आहे काय, सशक्त जनावरे दुर्बलांना गव्हाणीपाशी येऊ देत नाहीत काय, नव्या जनावरांना वेगळे न ठेवल्याने साथ पसरली काय, हे पाहावे. मृत्यू पावसाळ्यातच एकवटले असतील, तर छप्पर, निचरा आणि कोरडी जमीन यांकडे लक्ष द्यावे.

जयपूरजवळील हिंगोणिया गोशाळेचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. जयपूर महानगरपालिकेच्या या गोशाळेत २०१६ च्या पावसाळ्यात कामगारांनी काम थांबविले. आवारात चिखल साचला, चारा जनावरांपर्यंत पोचेना, आणि थोड्याच दिवसांत शेकडो जनावरे दगावली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अशी दुर्घटना एका रात्रीत घडत नाही. रोजचे मृत्यू रोज कोणी वाचले, तर ती चाहूल आधी लागू शकते.

चाऱ्याचा हिशेब

चाऱ्यावरील खर्च तपासण्यासाठी ‘जनावर-दिवस’ ही कल्पना फार उपयोगी आहे. एक जनावर एक दिवस निवाऱ्यात राहिले, म्हणजे एक जनावर-दिवस झाला. रोजच्या हजेरीची वर्षभराची बेरीज म्हणजे वर्षाचे एकूण जनावर-दिवस. आपल्या उदाहरणातील कोंडवाड्यात सरासरी १५ जनावरे होती असे धरल्यास ३६५ दिवसांत ५,४७५ जनावर-दिवस होतात. गायी-बैलांना साधारणतः शरीराच्या वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा लागतो, असा ठोकताळा आहे. ३०० किलो वजनाच्या जनावरास या हिशेबाने रोज साडेसात किलो लागतील. म्हणजे वर्षाला सुमारे ४१ टन. खरेदीच्या बिलांवरून १५ टनच चारा आल्याचे दिसले, तर जनावरे अर्धपोटी राहिली, हे उघड आहे. उलट बिले ८० टनांची असतील, तर चारा कोठे गेला हे विचारणे सदस्यांचे कर्तव्य ठरते. हिरवा चारा असल्यास त्यातील पाण्याच्या अंशामुळे वजन वाढेल, एवढे ध्यानात ठेवावे.

श्वानांचा हिशेब वेगळा

१८७१ च्या कायद्यातील ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती, उंट व घोड्यांपासून शेळ्या-मेंढ्या व डुकरांपर्यंत अनेक प्राणी येतात. कुत्रा मात्र येत नाही. त्याच्याबाबत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली प्रथम २००१ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. कुत्रे पकडावे, त्याचे निर्बीजीकरण व रेबीज प्रतिबंधक लसीकरण करावे, ओळखीसाठी कानावर खूण करावी आणि जेथून आणले तेथेच सोडावे, ही या नियमांतील पद्धत आहे. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर असून देखरेखीसाठी समितीची तरतूद आहे. येथे प्राणी त्याच जागी परतणे हीच कामाची यशस्वी सांगता होय. म्हणून पकडल्याचे ठिकाण आणि सोडल्याचे ठिकाण हे दोन्ही रकाने भरलेले असले पाहिजेत. शस्त्रक्रियांची संख्या काढलेल्या अवयवांच्या मोजणीशी, आणि लसीकरणाची संख्या वापरलेल्या लशीच्या साठ्याशी जुळली पाहिजे.

याहूनही महत्त्वाची बाब प्रमाणाची आहे. कुत्र्यांमधील रेबीजचा प्रसार रोखण्यासाठी एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका प्रभागात ३०० कुत्री असतील, तर तेथील २१० कुत्र्यांना लस टोचल्याने हे उद्दिष्ट साधते. तेवढ्याच २१० लशी दहा समान प्रभागांत विखुरल्या, तर प्रत्येक ठिकाणी सात टक्केच काम होते आणि संरक्षण कोठेच मिळत नाही. अहवालातील आकडा दोन्ही वेळा २१० हाच दिसतो. म्हणून वर्षाची एकूण संख्या न पाहता प्रभागवार संख्या मागावी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील श्वानदंशाच्या नोंदींशी ती ताडून पाहावी.

यात माणसांचे प्राण गुंतलेले आहेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यानंतर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्या व्यक्तींमध्ये सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, एवढे ज्ञान प्रत्येक वर्गात पोचविणे हे शिक्षकांच्या हातचे काम आहे. घरी मार बसेल या भीतीने मुले चावा लपवितात, हेही शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

जागेचे गणित

निवाऱ्याची क्षमता केवळ पिंजऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही. ४० पिंजऱ्यांच्या केंद्रात प्रत्येक कुत्रे सरासरी पाच दिवस राहिले, तर वर्षाला २,९२० कुत्र्यांची व्यवस्था होऊ शकते. सरासरी मुक्काम २० दिवसांवर गेल्यास तीच संख्या ७३० वर येते. आणि प्राणी कायमचे ठेवावयाचे ठरल्यास पहिल्या चाळीसांनंतर दार बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात हलविण्याचे व तेथेच परत न सोडण्याचे, तसेच महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना आश्रयस्थानी नेण्याचे निर्देश दिले. अशा प्राण्यांसाठी अल्पमुदतीच्या केंद्राचे गणित चालत नाही. दीर्घ मुक्कामाची जागा, दरवर्षीचा चारा वा अन्न आणि कायम पशुवैद्यक यांची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखविली पाहिजे.

सदस्यांचे कर्तव्य

वार्षिक अहवाल सभेपुढे येण्यापूर्वी सदस्यांनी एकदा तरी निवाऱ्यास अचानक भेट द्यावी, हजेरी वही हाती घेऊन प्राणी मोजावेत, पाण्याच्या हौदात पाणी आहे की नाही हे पाहावे आणि मृत्यूंचे पान वाचावे. आवक, परतावा, हस्तांतर, विक्री, मृत्यू आणि शिल्लक हे सहा आकडे दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यास नागरिकांनाही त्यांवर लक्ष ठेवता येईल. चांगला निवारा चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांसही असा हिशेब उपकारकच ठरतो. कारण चारा वा औषध कमी पडल्याची तक्रार तो आकड्यांनिशी मांडू शकतो.

मनुष्य आपली तक्रार तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत कोठेही नेऊ शकतो. कोंडवाड्यातील जनावराच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे त्याच्या नावाची नोंद. ती नोंद पूर्ण, खरी आणि सर्वांना वाचता येईल अशी ठेवणे, हे ग्रामपंचायत व नगर परिषदेच्या सदस्यांच्या सहज आवाक्यातील काम आहे.