तिथला वर्ग गप्प बसतो, मनू

मनू, जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालीस, पेढे वाटून झाले. बॅगेत काय भरायचं ते काकू सांगेलच. मी वर्गातलं सांगते, कारण ते निघण्यापूर्वी कुणी सांगत नाही.

इथे क्लासमध्ये तुझा प्रश्न संपायच्या आत दहा हात वर असतात. "मिस, मी! मिस, मी!" ज्याला येत नाही त्याचाही हात वर. तिथे तसं काही होणार नाही. कनिष्ठ माध्यमिकचा वर्ग, म्हणजे आपली सातवी ते नववी. तू विचारशील, रविवारी काय केलंस? मुलगा उभा राहील, मान कलती करेल, शेजाऱ्याशी कुजबुजेल आणि मग शांतता. तुला घाम फुटेल. अशा वेळी आपण एकतर स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतो, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे वळतो. दोन्ही करू नकोस. पुष्कळदा त्याला उत्तर येत असतं. पस्तीस-चाळीस जणांदेखत चुकायचं नसतं, हे तर झालंच. पण फार झकास बोलून पुढेपुढे केल्यासारखंही दिसायचं नसतं. हे दुसरं आपल्या डोक्यात लवकर शिरत नाही. परदेशात वाढून परतलेली काही मुलं वर्गात मुद्दाम जपानी वळणाचं इंग्रजी बोलतात, यावरून समज काय ते.

तेव्हा आधी जोडीजोडीने बोलू दे, मग चौघांचा गट कर आणि उत्तर गटाकडून घे. एकट्याला उभं करून 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' करत सुटलीस, तर पोरगं पुढच्या तासाला तोंड उघडायचं नाही. शाबासकी वहीत दे.

वहीवरून आठवलं. आपण बरोबर उत्तरावर टिक मारतो. तिथे बरोबरला गोल असतो आणि टिक बहुधा चुकीला. सगळं बरोबर आलेल्या मुलीच्या पेपरभर लाल टिका मारल्यास, तर तिचं तोंड एवढंसं होईल आणि तुला कारण कळणार नाही. फारच छान जमलं असेल तर गोलाभोवती पाकळ्या काढून फूल करतात. चौदा वर्षांची मिसरूड फुटलेली पोरंही त्या फुलावर खूश असतात. आणि कुणाचं नाव लाल शाईने लिहू नकोस, अशुभ मानतात.

तू तिथे सहायक शिक्षक, सगळे एएलटी म्हणतात. 1987 साली सरकारने जेट कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून शाळांना परदेशी सहायकांची सवय आहे. पण वर्ग जपानी शिक्षकाचा असतो. ते व्याकरण जपानीतून समजावतील आणि तुला फक्त धडा वाचायला सांगतील. टेपरेकॉर्डर झाल्यासारखं वाटेल. वाटू दे. नववीनंतर मुलांना हायस्कूलची प्रवेशपरीक्षा असते, सरांना तो पोर्शन संपवायचा असतो. आपली दहावी आठव आणि नाक मुरडू नकोस. फळ्यावर त्यांची चूक दिसली तर मुलांसमोर अवाक्षर काढायचं नाही. शिक्षकांच्या खोलीत, जरा वेळाने, "असंही म्हणतात का हो?" एवढंच.

एक मुद्दा मात्र मला आजही छळतो. कुणीतरी पोरगं विचारेलच, इंग्रजी कशाला शिकायचं? आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण नोकरीपासून लग्नाच्या बायोडेटापर्यंत उत्तर तयार असतं. तिथे डॉक्टरकी, इंजिनिअरिंग सगळं जपानीतून होतं. मेइजी काळापासून त्यांनी पाश्चात्त्य विद्या आपल्या भाषेत आणून ठेवली. इंग्रजीवाचून माणूस तिथे सुखाने आयुष्य काढतो. तरी 2020पासून पाचवी-सहावीला तो गुण मिळणारा विषय झालाय. त्यामुळे 'इंग्रजी नसेल तर तुझं काही खरं नाही' हे आपलं ठेवणीतलं अस्त्र तिथे चालणार नाही. आणि खरं सांगू, इथेही ते जरा कमीच चालवावं. त्यापेक्षा त्याला बेसबॉल आवडतो का बघ, आणि बेसबॉलवर बोल.

आपली ती डावी-उजवी डोलणारी मान आवर. आपण 'हो, हो' म्हणत असतो आणि समोरच्याला ते 'नाही' वाटतं.

मुलं बोलती होतात ती दुपारच्या जेवणाला. शाळेचं जेवण वर्गातच, मुलंच वाढतात, तू त्यांच्यातच बस. जी पोरगी तासाला मान वर करत नाही, तीच विचारेल, तुम्ही रोज करी खाता का? हस, आणि पोहे, आमटी, थालीपीठ, सगळं सांग. पण तू शाकाहारी, म्हणून एक काम पहिल्याच दिवशी कर. सुपात, भाजीत माशाचं पाणी असतं, ते वरून दिसत नाही. घरचा डबा आणायची परवानगी उपमुख्याध्यापकांकडे आधीच मागून ठेव, आणि तिखट जरा बेतानंच घाल, मुलं चव मागतात.