विस्तव किती वाजता विझला?

मुलाच्या ग्रॅज्युएशनच्या आदल्या रात्री नऊला मी अंगणातल्या स्मोकरवर पोर्कचे दोन खांदे चढवले. एकेक चार किलोचा. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथे पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजतात, लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा. ११० अंश सेल्सियसच्या आसपासच्या धुरात, बारा-चौदा तास. दुपारी एकला पंचवीस माणसं जेवायला यायची होती.

मांसात खुपसलेली बिनतारी सळई नवी कोरी होती. ब्लूटूथवर चालणारी, खोक्यावर '५० मीटर' छापलेलं. ९५ अंशांचा गजर लावला, फोन उशाशी ठेवला आणि झोपलो.

सकाळी सहाला आपसूक जाग आली. फोनवर ४६ चा आकडा. बाहेर येऊन पाहतो, तर धुराचा पत्ता नाही. राखेने हवेची वाट बुजून कोळसा विझला होता. शेजारचे काका कुंपणाशी आले. त्यांची हयात या कामात गेलेली. त्यांनी स्मोकरच्या झाकणावर तळहात टेकवला आणि एवढंच विचारलं, "विस्तव किती वाजता विझला?"

मला सांगता येईना. सळईचा संपर्क पावणेएकलाच तुटला होता. शेवटचा आकडा तेवढा पडद्यावर राहिला, पण फोनने हूं की चूं केलं नव्हतं. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर खुपसला, तर ३८. जिवाणू वाढतात ते ४ ते ६० अंशांच्या दरम्यान, आणि आमचं मांस रात्रभर त्यातच पडलेलं. पुन्हा कडक तापवूनही उपयोग नसतो, कारण काही जिवाणूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. "लहान मुलं जेवणार आहेत," एवढंच बायको म्हणाली. आठही किलो टाकून दिलं.

म्हणून सांगतो, थर्मामीटर घेताना आधी एकच बघा: संपर्क तुटला की तो ओरडतो का? अर्ध्या अंशाच्या अचूकतेची जाहिरात त्यानंतर वाचा.

खोक्यावरचे मीटर मोकळ्या मैदानातले असतात. आपल्याकडे सळई पोलादी झाकणाखाली असते, मध्ये घराच्या भिंती येतात आणि पाण्याने भरलेलं मांसही लहरी शोषतं. रात्रभराच्या कामासाठी मी आता तारेच्या सळयांचा थर्मामीटर वापरतो. तार स्मोकरबाहेरच्या डबीत जाते आणि डबी रेडिओवरून घरातल्या रिसीव्हरला आकडे पाठवते. तार जुनाट दिसते, पण अँटेना लोखंडाच्या बाहेर राहते, हा फायदा मोठा आहे. मध्ये ना फोन लागतो, ना इंटरनेट. वाय-फायवालाच घ्यायचा असेल, तर घरातलं नेट बंद करूनही तो चालतो का, हे विचारून घ्या.

सळया दोन हव्यातच. एक मांसाच्या मधोमध, हाडाला न टेकता. दुसरी जाळीवर, मांसापासून चार बोटं लांब, कारण मांसाला खेटून हवा थंड असते. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका, तो वरची हवा मोजतो. विस्तव मंदावला की जाळीवरचा आकडा आधी घसरतो, मांसाला ते कळायला फार वेळ लागतो. त्यामुळे जाळीसाठी कमी तापमानाचा गजर मिळालाच पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात पहाटे तीनला तो वाजला, जाळी ८८ वर आली होती. उठून राख झाडली, कोळसा घातला. मांस वाचलं.

मांस ६५ ते ७५ च्या दरम्यान तासन्‌तास अडकलं, तर यंत्राला दोष देऊ नका. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांसाला थंड करत असतं. धीर धरा, नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळा.

अचूकता घरीच तपासता येते. पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घाला, आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. उकळत्या पाण्याने तपासाल तर गावाची उंची धरा. पुण्यात पाणी ९८ च्या सुमारास उकळतं, पूर्ण १०० ला नाही.

आणि आणल्या दिवशीच, परत करायची मुदत चालू असताना, सळई बंद स्मोकरमध्ये ठेवून आपल्या झोपायच्या खोलीत जा. मग संपर्क मुद्दाम तोडा. गजर वाजला नाही, तर ते यंत्र दुकानात परत द्या.