तोल

आमच्या सारसोळे गावातील कोळ्यांची पोरे होडीत उभे राहायला शिकतात ती होडीतच. किनाऱ्यावर बसवून ही विद्या देता येत नाही. ही साधी गोष्ट मला शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीमुळे नव्याने उमगली. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. बसवली की ती कलंडे. म्हणून घरची माणसे, आणि मीही, तिला सदैव धरून ठेवीत असू.

तोल सांभाळणे ही वास्तविक मेंदूची कामगिरी होय. डोळे, अंतर्कर्ण, स्नायू व सांधे यांच्याकडून आलेल्या खबरा जुळवून मेंदू क्षणार्धात स्नायूंना आज्ञा देतो. जन्मापूर्वी, जन्मताना वा बालपणी मेंदूला इजा झाली, तर या आज्ञा उशिरा वा चुकीच्या सुटतात. ती इजा पुढे वाढत नाही. परंतु हालचालीअभावी स्नायू मात्र आखडत जातात.

१९४० नंतरच्या दशकात लंडनमध्ये बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने एक उपचारपद्धती विकसित केली. तीत उपचारकाचे हात मुलाच्या हालचालीला वळण लावीत. आपल्याकडे १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापून शिक्षण व उपचार एकत्र आणले. अलीकडच्या संशोधनाने भर बदलला आहे. दुसऱ्याने करविलेल्या हालचालीपेक्षा मुलाने स्वतः, काही हेतूने आणि पुनःपुन्हा केलेली हालचाल अधिक उपयोगी ठरते.

तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हेच सांगितले. ठेंगण्या स्टुलावर बसवावे, पावले जमिनीवर टेकलेली असावीत आणि खेळणे हाताच्या किंचित पलीकडे ठेवावे. प्रथम समोर, मग बाजूला, मग खाली. पुढे स्टुलावरून उठणे-बसणे. प्रत्येक मुलाचा क्रम निराळा, तो तज्ज्ञानेच ठरवावा. “हात धरू नका, हात जवळ ठेवा,” हे त्यांचे वाक्य मला विशेष पटले.

परवा मी तिच्यापुढे जेट्टीवरचा एक शिंपला ठेवला. ती वाकली, डगमगली. माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो महत्प्रयासाने थांबविला. शिंपला मुठीत घेऊन ती सरळ बसली. इतके दिवस आम्ही तिला पडू दिले नाही, हे खरे. पण सावरूही दिले नव्हते.

— तृतीय वर्ष कला