दुकान एक, पत्ते अनेक

प्रश्न : भिलाईच्या पावर हाउस भागात माझे शिलाईयंत्र-दुरुस्तीचे दुकान आहे. ऑनलाइन शोधात ते कसे दिसते, हे कसे तपासावे?

उत्तर : भिलाई, भिलाई नगर आणि भिलाई पावर हाउस अशी तीन निरनिराळी रेल्वेस्थानके जेथे आहेत आणि २००० पूर्वीच्या कागदांत जेथे मध्यप्रदेशाचाच अंमल चालू आहे, तेथे पत्त्याचा घोळ स्वाभाविकच होय. स्वतःच्या मोबाइलवर आपलेच दुकान अग्रभागी दिसते, ते समाधान फसवे; म्हणून परक्या मोबाइलवर, तेही हिंदीत (गिऱ्हाईक मराठीत थोडेच शोधणार!), शोध घ्यावा. नंतर गूगल नकाशा व जस्टडायल यांवरील नाव, पत्ता, दूरध्वनी दुकानाच्या पाटीशी अक्षरशः ताडून पाहावेत. जुनी नोंद सापडल्यास नवी न करता तिच्यावरच मालकीचा दावा दाखल करावा.