तिला काय करायचंय, ते विचारलंत का?

शाळेची वेळ झालेली असते, डबा भरायचा राहिलेला असतो आणि लेकरू एका बाहीत हात अडकवून उभं असतं. आपण काय करतो? हात धरून बाहीतून ओढतो, भराभर गुंड्या लावतो आणि मोकळे होतो. मी करते, तुम्हीही करत असाल. आमच्या आंबागडात घरोघरी हेच चालतं. ज्या लेकराचा एक हात आखडलेला आहे, ज्याची बोटं त्याचं ऐकत नाहीत, त्याच्या बाबतीत तर जास्तच. त्याला वेळ लागतो, आणि सकाळी आपल्याकडे नसतो तो वेळच.

मग तेच लेकरू कडेवर घेऊन आपण थेरपीला निघतो. आधी तुमसर, तिथून भंडारा, नाहीतर देव्हाडीला जाऊन तुमसर रोड स्टेशनावरून नागपूरची गाडी. तिथल्या ताई त्याच्याकडून काय करून घेतात? बाहीत हात घालणं, घास उचलणं, पेला धरणं. जे काम घरी आपण त्याच्या हातातून काढून घेतो, तेच शिकवायला तिकीट काढून जातो! मला याचं हसू येतं आणि पोटात कालवतंही.

माझ्या लेकीची डावी बाजू जन्मापासून कडक आहे. कागदावर सेरेब्रल पाल्सी लिहिलेलं आहे. थेरपी म्हणजे यंत्रं असतील, शेक असेल, मालिश असेल, असं गावात सगळ्यांना वाटायचं. ऑक्युपेशनल थेरपीवाल्या ताईंनी मात्र आधी एवढंच विचारलं, ‘‘हिला स्वतःला काय करायचंय?’’

आता आपली आईबापांची यादी ठरलेली असते. नीट जेवावं, सांडू नये, अक्षर गिरवावं, पाहुण्यांसमोर नमस्कार करावा. ही सगळी लोकांना दिसणारी कामं. लेकराची यादी वेगळीच निघते. कोणाला बकरीच्या पिल्लाला पाला चारायचा असतो, कोणाला हापसा मारायचा असतो. माझ्या लेकीला भावंडांबरोबर मोह वेचायला जायचं होतं. चैत्रात पहाटे सगळी पोरं टोपल्या घेऊन गडाच्या बाजूला पळतात आणि ही ओट्यावर बसून बघते. तिच्या मनात काय चालत असेल, ते मला तोवर नीट कळलंच नव्हतं. ती कुरकुर करायची नाही ना. न रडणारं लेकरू सुखात आहे, असं आपण धरून चालतो.

ताईंनी मोह वेचणंच धरलं. उकिडवं बसणं, तोल सांभाळणं, चिमटीत फूल उचलणं, कडक हाताने टोपलीचा काठ दाबून धरणं. त्यांना जे व्यायाम करून घ्यायचे होते, ते सगळे त्यात होते. आखडलेला हात उजव्यासारखा चालायलाच हवा असं नाही, तो मदतनीस झाला तरी पुष्कळ, असं त्या म्हणाल्या. हे ऐकून माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. घरी आम्ही मोहाच्या जागी लाखोळीचे दाणे पसरले, फुलांइतके मोठे खडे पसरले. ‘हात हलव, हात हलव’ म्हणून जे होत नव्हतं, ते टोपली भरायच्या नादात व्हायला लागलं. रोज नाही हं. काही दिवस टोपली उलटी करून ती सरळ उठून जाते.

हे काही आजचं खूळ नाही. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्नाने आपल्याकडच्या. त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय उभं केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळतं. म्हणजे रोजचं काम हेच औषध मानणारी माणसं विदर्भातच तयार होतात. आपल्याला ती उशिरा भेटतात, एवढंच.

आता सकाळच्या शर्टाचं. आम्ही एक तोड काढली, बघा जमते का. कडक हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलट, चांगला आधी बाहेर. एवढ्यानेच निम्मी ओढाताण वाचते. आणि घाई असेल तर सगळं आपण करायचं, शेवटचं तेवढं तिच्यासाठी ठेवायचं. शर्ट पोटावरून खाली ओढायचं काम तिचं. काम तिच्या हातून संपतं, म्हणून ‘मी घातला’ असं ती सांगत सुटते. तो जमला की शेवटची गुंडी, मग तिच्या वरची. पण या गुंड्यांची आशा दिवाळीपर्यंत धरू नका, पुढच्या दिवाळीची धरा.

जेवणाचं जरा वेगळं. आपल्याकडे दोन्ही वेळा भात, आणि मोकळा भात आखडलेल्या बोटांत टिकत नाही. तिच्यापुरता थोडा गिलगिला शिजवला की घास वळतो. ताटली सपाट नको, उभ्या काठाची हवी, म्हणजे घास काठाशी अडवून उचलता येतो. खाली ओलं फडकं टाकलं की ताटली सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला, तर पकड बसते. आणि पाय लोंबकळू देऊ नका. पायाखाली वीट ठेवा. पाय टेकले की हात स्थिर होतो, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

मात्र एकच काम धरा. कपडे, जेवण, खडू, चेंडू असं सगळं एकदम सुरू केलं की घराची शाळा होते आणि आपण बाई होतो. लेकराला आई हवी असते. दिवसभर कोणी ना कोणी आपल्याला दुरुस्त करतंय, हे त्याला कळतं, आणि थेरपीची पिशवी दिसली की ते पलंगाखाली शिरतं. त्या दिवशी राहू द्या. मातीत खेळू द्या, काही शिकवू नका.

‘माझ्या मागे हिचं कसं होईल?’ हा प्रश्न रात्री सगळ्यांना छळतो, आणि दिवसा त्याचं रूप घाई होऊन बाहेर पडतं. लवकर शीक, लवकर चाल. मला यावर उत्तर सापडलेलं नाही. पण त्या प्रश्नाचं ओझं चार-पाच वर्षांच्या लेकरावर टाकू नये, इतकं वाटतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. शंका असेल तर त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागून घ्या. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यामुळे ‘आमचं त्यात बसत नाही’ असं आधीच ठरवू नका. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो.

राहिल्या आजी. लेकरू घासाशी झटत असलं की आमच्या सासूबाई म्हणतात, ‘‘काऊन तरास देतेस व लेकराले? मी भरवतो ना!’’ मायेपोटीच म्हणतात. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. त्यांनाच एकदा थेरपीला घेऊन जा, ताईंकडून ऐकलेलं त्यांना पटतं. पण हे आषाढाच्या आत उरकून घ्या. एकदा रोवणी लागली की आपण दिवसभर बांधीत, लेकरू त्यांच्यापाशी, आणि घास भरवायचा की थांबायचं, हे तेव्हा त्यांनाच ठरवायचं असतं.