ध्यानात मेंदू आणि हृदय एका तालात येतात का?

प्रश्न : मी रोज सकाळी ध्यानाला बसतो. त्या वेळी मनगटावरचं घड्याळ ‘एचआरव्ही’ वाढल्याचं दाखवतं, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर जास्त कमीजास्त होतं म्हणे. मग हृदय शांत झालं की बिघडलं? आमच्या वर्गातले सर सांगतात, ध्यानात मेंदू आणि हृदय एका तालात येतात. हे खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घड्याळ बरोबर सांगतंय, घाबरू नका. सरांचं म्हणणं मात्र निम्मंच खरं आहे.

हृदयाला स्वतःच्या चालीवर सोडलं, तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये हे दिसतं. त्यांच्या नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे निवांत बसले तरी ठोके शंभराच्या आसपास. तुमचे-माझे सत्तरावर राहतात ते मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत उतरणाऱ्या व्हेगस नसेमुळे. ती हृदयावरचा ब्रेक आहे, आणि हा ब्रेक एका सेकंदाच्या आत लागतो नि सुटतो. श्वास घेताना तो सैल पडतो, सोडताना पुन्हा दाबला जातो.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोबणीत दोन बोटं ठेवून हे स्वतःच पाहा. चार-पाच सेकंद श्वास आत घ्या, मग तितकाच किंवा थोडा जास्त वेळ घेऊन सोडा. आत घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना ऐसपैस होतात. तरुण माणसात हा फरक बोटांना चटकन कळतो, वयानुसार तो कमी होत जातो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच त्याचा आलेख काढला होता. तेव्हा ठोक्यांमधली ही चढउतार हा बिघाड नाही, ब्रेक नीट चालू असल्याची ती खूण आहे.

यात ध्यानाचा हात कुठे? बराचसा श्वासात. मानेतल्या रोहिणीत रक्तदाब जोखणारी नसांची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात, मेंदू ठोके कमी करतो, पण दाब खाली यायला काही सेकंद जातात. या उशिरामुळे सगळ्या यंत्रणेला साधारण दहा सेकंदांचा एक नैसर्गिक हेलकावा असतो. श्वास मिनिटाला सहावर आला की तो या हेलकाव्याशी जुळतो आणि ठोक्यांची चढउतार मोठी होते. २००१ साली इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळ म्हणायला लावली आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’चा जपही करायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. धर्म दोन, छातीतला हिशेब एकच. नुसतं शांत बसून विचार न्याहाळणाऱ्या ध्यानात श्वास मंदावेलच असं नाही, म्हणून तिथे आकडे इतके ठळक बदलत नाहीत.

आपल्याकडे यापुढची एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते : योगी हृदय थांबवतात. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या, आणि त्यांच्या नोंदींवरून तसं वाटलंही. पुढे वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी ते नीट तपासलं आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापला. ‘हृदय थांबवणारे’ साधक श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू घट्ट आवळत. त्यामुळे छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होई, मनगटाची नाडी हरवे, स्टेथोस्कोपमध्येही काही ऐकू येत नसे. ईसीजीची सुई मात्र ठोके काढतच राही. मला यात फसवणूक दिसत नाही. नाडी हाताला लागेनाशी झाली तर करणाऱ्यालाही ‘थांबलं’ असंच वाटणार.

आता मेंदूच्या बाजूने. व्हेगस नसेतले बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. प्रत्येक ठोक्यानंतर मेंदूत एक बारीकसा विद्युत्-प्रतिसाद उमटतो. तो इतका क्षीण असतो की शेकडो ठोक्यांच्या नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढल्यावरच दिसतो. ध्यानाने यात काय बदलतं याचा अभ्यास चालू आहे. पण ‘एक ताल’ शब्दशः घेऊ नका. हृदय सेकंदाला एखादा ठोका देतं, तर मिटल्या डोळ्यांनी शांत बसलेल्या माणसाच्या मेंदूतल्या अल्फा लहरी सेकंदाला आठ ते बारा असतात.

आणखी एक गंमत. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांना स्वतःचे ठोके जास्त नेमके जाणवत असतील असं कुणालाही वाटेल. साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते तपासलं. नाडीला हात न लावता ठोके ओळखण्यात अनुभवी साधक इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. आपण जास्त चांगले ओळखतो असं त्यांना वाटत मात्र होतं.

राहिलं घड्याळ. अपुरी झोप, आदल्या रात्रीचं मद्य, अंगातली कणकण, अशा कशानेही एचआरव्ही हलतो. त्यामुळे एका सकाळचा आकडा मनावर घेऊ नका, काही आठवड्यांचा कल पाहा. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना तर नकोच. मात्र ध्यानात नसतानाही ठोके वेडेवाकडे पडत असतील, धडधड किंवा चक्कर येत असेल, तर तिथे वाढलेला एचआरव्ही चांगला नसतो. ईसीजी काढून घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ध्यानाला हृदयरोगाचा धोका कमी करण्यासाठी जागा दिली, ती नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे.